फाशांचे गणित आणि जुने आरपीजी गेम

२०२३ च्या ऑगस्टमध्ये 'बाल्डर्स गेट ३' हा आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा 'रोल-प्लेइंग गेम', आला आणि या प्रकाराला कधी हात न लावलेले असंख्य लोक तो खेळू लागले. नावातला तीनचा आकडा पाहून त्यांतल्या अनेकांना साहजिकच आधीच्या भागांची उत्सुकता वाटली. मात्र १९९८ च्या डिसेंबरमध्ये आलेला मूळ 'बाल्डर्स गेट' सुरू केल्यावर पहिल्या तासाभरात आपले पात्र चार-पाच वेळा मरते, पडद्याच्या तळाशी आकड्यांच्या ओळी सरकत राहतात, चांगले चिलखत अंगावर चढवले की एक आकडा वाढण्याऐवजी चक्क कमी होतो, आणि हे असे का, याचा खुलासा गेम धडपणे करत नाही. बरेच जण इथेच थांबतात आणि जुने गेम आता खेळवत नाहीत, असे म्हणून मोकळे होतात. माझ्या मते अडचण वयाची नाही आणि चित्रांचीही नाही. हे गेम टेबलाभोवती बसून खेळायच्या एका वेगळ्याच खेळाची नियमावली गृहीत धरून लिहिलेले आहेत; ती नियमावली खेळाडूला ठाऊक असेल, नाहीतर डब्यातल्या पुस्तिकेतून तो ती वाचून घेईल, अशी करणाऱ्यांची अपेक्षा होती. तो मूळ खेळ कसा चालतो हे एकदा समजले की या जुन्या गेममधल्या बहुतेक विचित्र वाटणाऱ्या गोष्टींची संगती लागते.

त्या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावचे गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ १९७४ मध्ये विक्रीला आला. त्याआधी धातूच्या छोट्या सैनिकांच्या फौजा टेबलावर मांडून लढाया खेळण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगला रुजलेला होता. या दोघांनी खेळाडूच्या हाती फौजेऐवजी एकच माणूस दिला आणि तो माणूस एका लढाईपुरता न ठेवता महिनोन्महिने, अनुभवाने वाढत जाईल अशी सोय केली. चार-पाच जण प्रत्येकी एक पात्र घेऊन बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो 'डंजन मास्टर', म्हणजे गोष्ट सांगणारा, शत्रूंच्या चाली करणारा आणि नियमांचा निवाडा देणारा पंच, सगळे एकाच वेळी. समोर लोखंडी पट्ट्या ठोकलेले दार आहे, असे तो सांगतो. चोराची भूमिका करणारा खेळाडू कुलूप उघडून पाहतो म्हणतो, फासे पडतात, चोराच्या कौशल्याच्या आकड्याशी त्यांची तुलना होते आणि पंच निकाल सांगतो. तेवढ्यात कोणी म्हणाले की मी दाराला हात न लावता पलीकडच्या पहारेकऱ्याला त्याच्या मालकाच्या आवाजात हाक मारतो, तर नियमपुस्तकात तसे काही नसले तरी पंच क्षणभर विचार करून त्यालाही एखादा आकडा ठरवून देतो आणि फासे टाकायला सांगतो.

संगणकावरचा आरपीजी म्हणजे या पंचाच्या खुर्चीवर यंत्राला बसवण्याचा प्रयत्न होय. यंत्राला फासे टाकणे, बेरजा करणे आणि शंभर राक्षसांची प्रकृती लक्षात ठेवणे अगदीच सोपे जाते. मालकाचा आवाज काढणाऱ्या खेळाडूचे काय करायचे, हे मात्र त्याला कोणीतरी आधी लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. पहिले काम सोपे आणि दुसरे जवळजवळ अशक्य, या विषमतेतूनच या प्रकाराचा सारा इतिहास घडला आहे. काही गेमनी हिशेबाचा भाग घेतला आणि तो अधिकाधिक बारीक केला. काहींनी सुचेल तितक्या शक्यता आधीच लिहून ठेवण्याचा खटाटोप केला. कोणताही जुना गेम हाती घेतल्यावर, याच्या कर्त्याने पंचाचे कोणते काम यंत्राला द्यायचे ठरवले होते, हा प्रश्न विचारला तर त्या गेमकडून काय अपेक्षा ठेवायची हे पटकन लक्षात येते.

सुरुवात अर्थातच हिशेबापासून झाली. १९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या शिक्षणासाठी उभारलेल्या संगणकव्यवस्थेवर विद्यार्थ्यांनी तळघरे, राक्षस आणि खजिना असलेले खेळ लिहायला सुरुवात केली. त्यांतल्या एका अगदी आरंभीच्या खेळाचे नाव होते 'पेडिट५'. ते मुद्दामच एखाद्या अभ्यासक्रमाच्या फाइलसारखे नीरस ठेवलेले होते आणि तरीही व्यवस्थापकांच्या नजरेस पडले की ती फाइल पुसली जाई. १९८१ मध्ये अ‍ॅपल २ या घरगुती संगणकावर 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे दोन गेम आले आणि पुढच्या दोन दशकांची दिशा बहुतांशी त्यांनी ठरवली. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांच्या 'विझर्ड्री'त सहा जणांची पार्टी, म्हणजे टोळी, बनवून दहा मजली चक्रव्यूहात उतरायचे असते. प्रत्येक मजला वीस गुणिले वीस चौकटींचा आहे आणि गेम नकाशा दाखवत नाही. चौकटींच्या कागदावर तो आपणच पेन्सिलीने काढायचा. चक्रव्यूहात अशाही जागा आहेत जिथे पाऊल ठेवताच आपले तोंड गुपचूप दुसऱ्या दिशेला वळते, आणि पाच-सहा चौकटी चुकीच्या काढून झाल्यावर ते लक्षात येते. पात्र मेले तर देवळात पैसे भरून त्याला उठवता येते, पण तो प्रयत्न फसला तर त्याची राख होते, आणि राखेवरचाही प्रयत्न फसला तर ते पात्र कायमचे गेले. आज हे क्रूर वाटते. टेबलावर मात्र असाच नियम होता आणि त्यामुळेच तळघरातून सुखरूप वर येण्याला किंमत होती.

टेक्सासमध्ये वाढलेल्या रिचर्ड गॅरियट यांची 'अल्टिमा' मालिका दुसऱ्या वाटेने गेली आणि त्यातला १९८५ चा चौथा भाग, 'क्वेस्ट ऑफ द अवतार', हा माझ्या मते आजही एखाद्या संध्याकाळी उघडून पाहावा असा आहे. यात मारायला कोणी महाखलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवणे एवढेच नायकाचे उद्दिष्ट आहे आणि संगणक त्याचा हिशेब मुकाट्याने ठेवत असतो. जादूसाठी लागणाऱ्या वनस्पती विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि तुम्ही किती नाणी ठेवता तो आकडा तुम्हीच टाइप करायचा असतो. कमी नाणी ठेवली तरी ती माल देते. त्या वेळी काहीच होत नाही, पण तुमच्या प्रामाणिकपणाच्या खात्यातून गुण वजा झालेले असतात आणि पुढे प्रामाणिकपणाच्या देवस्थानात ध्यानाला बसल्यावर ते नडते. प्रत्येक गुणाचे एक देवस्थान आहे, प्रत्येकाचा एक मंत्र आहे आणि तो गावोगावी माणसांना विचारत शोधावा लागतो. अध्यात्माचा मंत्र 'ओम' आहे, हे मराठी वाचकाला कोणाला न विचारता सुचेल. संभाषण करायचे तर शब्द टाइप करायचे. नाव विचारा, काम विचारा, प्रकृती विचारा, उत्तरातला एखादा शब्द पकडून त्याबद्दल पुन्हा विचारा. कोण काय म्हणाले याची नोंद गेम ठेवत नाही, वही ठेवावी लागते. मी तर म्हणेन की वही ठेवणे हा या पिढीतल्या गेमचा निम्मा आनंद आहे. मात्र जादूसाठी वनस्पती पुन्हापुन्हा विकत घेऊन एकेक मिश्रण हाताने बनवण्याचे काम कमालीचे कंटाळवाणे आहे, हेही सांगितले पाहिजे.

या काळातली एक गमतीची व्यवस्था नवख्याला गोंधळात टाकते. फ्लॉपीवर जागा इतकी कमी होती की गेममधला मोठा मजकूर छापील पुस्तिकेत दिलेला असे आणि योग्य प्रसंगी पडद्यावर फक्त 'अमुक क्रमांकाची नोंद वाचा' एवढे येई. १९८८ चे 'पूल ऑफ रेडियन्स' आणि 'वेस्टलँड' हे दोन्ही गेम असेच चालतात. खेळाडू पुस्तिका सलग वाचून काढणार हे 'वेस्टलँड'च्या कर्त्यांनी ओळखले होते, म्हणून त्यांनी तिच्यात मंगळ ग्रहाशी संबंधित एक संपूर्ण खोटे कथानक पेरून ठेवले. ते वाचून पुढचे बेत आखणारा आपसूक फशी पडे. आज हे गेम डाउनलोड केल्यावर सोबत पुस्तिकेची पीडीएफ प्रत येते आणि लोक ती उघडतही नाहीत. मग गेम अपुरा वाटला तर नवल नाही, कारण तो खरोखरच अपुरा आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग त्या पीडीएफमध्ये आहे.

असे असले तरी नवख्याने १९८१ पासून क्रमाने खेळत येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इतिहास क्रमाने वाचावा. गेम क्रमाने खेळले तर बहुधा तिसऱ्या-चौथ्यातच उत्साह संपतो. १९९७ ते २००२ या पाच-सहा वर्षांत आलेले गेम माउसने चालतात, संभाषणे पडद्यावर वाचायला मिळतात, नोंदी बऱ्यापैकी आपोआप राहतात आणि तरीही पंचाची खुर्ची जागेवरच आहे. प्रवेश तिथून करावा आणि आवड निर्माण झाली तर मागे जावे. पहिल्यांदा कोणता, असे कोणी विचारले तर मी 'फॉलआउट' सांगतो, कारण तो तुलनेने छोटा आहे, त्यातले आकडे सरळ आहेत आणि पंचाचे दुसरे, अवघड काम त्याने किती मनापासून केले आहे हे चटकन दिसते.

'फॉलआउट' १९९७ मध्ये इंटरप्ले या कंपनीने आणला. अणुयुद्धानंतर जमिनीखालच्या एका बंदिस्त वसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतली चिप बिघडते आणि दुसरी चिप आणायला तुम्हाला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पाठवले जाते. मुदत आहे १५० दिवसांची. आधी हा गेम 'गर्प्स' नावाच्या दुसऱ्या एका टेबलावरच्या खेळाच्या नियमांवर बांधला जात होता. तो करार मोडल्यावर टिम केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःची पद्धत बसवली, ती अशी. पात्राचे सात मूळ गुण आहेत: ताकद, निरीक्षण, काटकपणा, छाप पाडण्याची क्षमता, बुद्धी, चपळाई आणि नशीब. प्रत्येक गुणाला पाच पॉइंट आधीच मिळतात आणि वर आणखी पाच पॉइंट आपल्या मर्जीने वाटायचे असतात. खेळाडू पहिल्याच पडद्यावर अडखळतो तो इथे, कारण या वाटणीचे परिणाम पुढे तासन्‌तास भोगायचे असतात आणि अजून त्याला काहीच ठाऊक नसते.

एका गुणापुरते उदाहरण घेऊ. लढाई पाळीपाळीने चालते आणि आपल्या पाळीत किती हालचाल करता येईल हे 'अ‍ॅक्शन पॉइंट' ठरवतात. ते असतात पाच अधिक चपळाईचे निम्मे. चपळाई सहा असेल तर आठ पॉइंट मिळतात, आठ असेल तर नऊ आणि दहा असेल तर दहा. सुरुवातीला मिळणाऱ्या पिस्तुलातून एक गोळी झाडायला पाच पॉइंट लागतात. म्हणजे सहा आणि आठ यांत फरक फक्त एका पावलाचा पडला, पण दहा केले की एका पाळीत दोन गोळ्या, म्हणजे मारा थेट दुप्पट. हे गणित कोणी सांगत नाही. पुस्तिकेत नियम आहे, निष्कर्ष आपण काढायचा. नवख्याला माझा सल्ला असा की चपळाई आणि बुद्धी वर ठेवावी, ताकदीचा मोह टाळावा आणि सुरुवातीला जी तीन कौशल्ये खास म्हणून निवडायची असतात त्यांत बोलण्याचे कौशल्य व लहान बंदुकांचे कौशल्य ही दोन असलीच पाहिजेत.

आता अवघड काम कसे केले आहे ते पाहा. बुद्धी तीन किंवा त्याहून कमी ठेवली तर तुमच्या पात्राला नीट बोलताच येत नाही. संभाषणात हुंकार आणि तुटक शब्द एवढेच पर्याय उरतात आणि समोरची माणसे त्याप्रमाणे वागतात. म्हणजे लेखकांनी हजारो खेळाडूंपैकी मोजकेच ज्या वाटेने जातील तिच्यासाठीही वेगळे संवाद लिहून ठेवले. बोलण्याचे कौशल्य वाढवले, गावोगावी चौकशा केल्या आणि योग्य पुरावा मिळवला, तर शेवटच्या शत्रूला एकही गोळी न झाडता, वाद घालून हरवता येते. टेबलावरच्या पंचाला हे क्षणात सुचले असते. इथे कोणीतरी ते काही महिने आधी बसून लिहिले आहे आणि खेळताना आपल्याला त्या माणसाची उपस्थिती जाणवत राहते.

गेम मात्र बोट धरून नेत नाही. सुरुवातीलाच जवळच्या एका उद्ध्वस्त वसाहतीत जायला सांगितले जाते आणि तिथे लिफ्टच्या रिकाम्या विहिरीतून खाली उतरायला दोर लागतो. दोर लागेल असे कुठलेही चमकणारे चिन्ह सांगत नाही. लिफ्ट बंद आहे हे पाहून तुम्हालाच ते सुचायला हवे, आणि दोर जवळ नसेल तर परत जाऊन आणायला दिवस खर्च होतात. साथीदारांवर आपला ताबा नसतो. तुमच्या मागे उभा राहून इयान हा पहिलाच साथीदार शत्रूवर गोळीबार करू लागला की त्यातल्या काही गोळ्या तुमच्याच पाठीत बसतात, हा अनुभव हा गेम खेळलेल्या प्रत्येकाच्या गाठी आहे. गेम सेव्ह करायला दहाच जागा आहेत. त्या सगळ्या वापराव्यात आणि निदान एक सेव्ह बरेच दिवस शिल्लक असतानाचा जपून ठेवावा, कारण शेवटच्या दोन दिवसांवरचा एकमेव सेव्ह कोणत्याच कामाचा नसतो.

यानंतर 'बाल्डर्स गेट'कडे यावे. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा हा गेम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम वापरतो आणि सुरुवातीला उल्लेख केलेला चिलखताचा उलटा आकडा तिथलाच आहे. त्या आकड्याला 'आर्मर क्लास' म्हणतात. अंगावर काहीच नसेल तर तो दहा असतो आणि संरक्षण जितके चांगले तितका तो खाली, शून्याच्याही खाली जातो. हल्ला करणाऱ्याच्या बाजूने 'थॅको' नावाचा दुसरा आकडा असतो. शून्य आर्मर क्लास असलेल्या शत्रूला लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर किमान किती पडायला हवे, ते तो सांगतो. थॅकोमधून शत्रूचा आर्मर क्लास वजा केला की जे उरते तेवढे किंवा त्याहून जास्त फाशावर पडले पाहिजे. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या पायरीवरच्या, योद्ध्याचा थॅको वीस. समोरच्याने साखळ्यांचे चिलखत घातले आहे, त्याचा आर्मर क्लास पाच. वीसमधून पाच गेले, पंधरा उरले. पंधरा ते वीस हे सहाच आकडे कामाचे, म्हणजे शंभरातले तीस वार लागणार आणि सत्तर वाया जाणार. तोच योद्धा सातव्या लेव्हलला पोहोचला की थॅको चौदा होतो, नऊ किंवा त्याहून जास्त पुरेसे होते आणि शंभरातले साठ वार लागू लागतात. पंचांगातले रकाने कसे वाचायचे हे कळेपर्यंत जसे पान डोळ्यांपुढे नुसते फिरते, तसेच या आकड्यांचे आहे. एकदा वजाबाकी कळली की तळाशी सरकणाऱ्या ओळी वाचता येऊ लागतात. २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही उलटी पद्धत काढून टाकली आणि आर्मर क्लास जास्त तितका चांगला असे सरळ केले, त्यामुळे नव्या गेमवरून मागे येणाऱ्याला ती अधिकच विचित्र वाटते.

आता सुरुवातीलाच पात्र का मरते, तेही याच हिशेबात दिसते. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे जेमतेम चार-सहा 'हिट पॉइंट', म्हणजे संपले की पात्र मरते असे जिवाचे गुण, असतात आणि लांब तलवारीचा एक वार एक ते आठ पॉइंट नेतो. म्हणजे एकाच फटक्यात खेळ खलास होण्याची शक्यता चांगलीच आहे. कँडलकीप या तटबंदीच्या ग्रंथनगरीत उंदीर मारणे, आजारी गाईला औषध आणून देणे अशी किरकोळ कामे करून तुम्ही बाहेर पडता, रात्रीच्या हल्ल्यात तुमचा पालक गोरियन मारला जातो आणि त्याने सांगितलेल्या 'फ्रेंडली आर्म' नावाच्या सरायीकडे तुम्ही निघता. तिथे पायऱ्यांवर टार्नेश नावाचा माणूस गोड बोलून नाव विचारतो आणि लगेच हल्ला करतो. तो आधी स्वतःच्या चार-पाच प्रतिमा उभ्या करतो, मग भीतीचा मंत्र टाकतो. तुमची पात्रे ताबा सुटून सैरावैरा पळू लागतात आणि तो एकेकाला टिपतो. अनेकांनी गेम सोडला तो याच पायऱ्यांवर. इथे शिकण्यासारखी गोष्ट अशी की मंत्र पुरा व्हायला काही क्षण लागतात आणि तेवढ्यात जादूगाराला एक जरी वार किंवा बाण लागला तरी मंत्र मोडतो. स्पेस बार दाबून वेळ थांबवावी, सर्वांना आज्ञा द्याव्यात, पुन्हा सुरू करावे, पुन्हा थांबवावे. हे थांबवणे हीच खेळण्याची पद्धत आहे, ती कोणतीही पळवाट नव्हे. सेटिंगमध्ये शत्रू दिसताच किंवा पात्र जखमी होताच गेम आपोआप थांबेल अशी सोय आहे, ती चालू करावी.

जादूबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. या नियमांत जादूगार मंत्र आधी पाठ करून ठेवतो आणि एकदा वापरला की तो मंत्र पुन्हा झोप घेईपर्यंत संपलेला असतो. पहिल्या लेव्हलच्या सामान्य जादूगाराला दिवसाला एकच मंत्र टाकता येतो. तेव्हा तो एक 'स्लीप' असावा. छोट्या शत्रूंचा अख्खा घोळका तो झोपवतो आणि झोपलेल्या शत्रूवर वार चुकत नाहीत. पार्टीत सहा जणांची जागा आहे. ती लवकर भरावी, पुढे चिलखतवाले ठेवावेत, मागच्यांच्या हाती धनुष्य, आणि जादूगाराला ते चालत नाही म्हणून गोफण, असे लांबून मारायचे शस्त्र द्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला पोहोचेपर्यंतचे हे काही तास निभावले की गेम कितीतरी मोकळा होतो. मधल्या रानांचे बरेच नकाशे रिकामे आहेत, ते सगळे पिंजून काढण्याचा हट्ट धरू नये.

१९९९ च्या डिसेंबरमधला 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' हा 'बाल्डर्स गेट'च्याच इंजिनावरचा, म्हणजे त्याच मूळ प्रोग्रॅमवर बांधलेला, पण अगदी वेगळ्या प्रकृतीचा गेम आहे. शवागाराच्या ओट्यावर जाग आलेला, स्मृती गेलेला आणि मरण न येणारा नायक आपण कोण होतो याचा शोध घेतो, एवढीच कथा. त्यात सुमारे आठ लाख शब्दांचा मजकूर आहे आणि तलवारीपेक्षा वाचन जास्त आहे. ताकद वाढवणारा इथे पस्तावतो. शहाणपण, बुद्धी आणि छाप पाडण्याची क्षमता यांवर गुण खर्च केले तर बंद राहिलेली संभाषणे उघडतात आणि हरवलेल्या आठवणी परत येतात. लढाया मात्र सुमार आहेत, स्त्रीपात्रांच्या पेहरावात त्या काळच्या पुरुषी आवडीनिवडी उघड दिसतात, आणि पात्रांच्या तोंडी लंडनच्या जुन्या चोरट्या बोलीवर बेतलेली इंग्रजी असल्यामुळे पहिले दोन-तीन तास जड जातात. यांतल्या कोणत्याही गेमची अधिकृत मराठी आवृत्ती नाही. इंग्रजी कादंबरी सवयीने वाचणाऱ्याला यात अडचण नाही, इतरांनी हा गेम तिसऱ्या क्रमांकावर ठेवावा. लेखनाच्या दर्जाबाबत मात्र मी याच्या वर फारच थोडे गेम ठेवीन.

या प्रकाराच्या इतर फांद्या इथे फक्त नोंदवतो. 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' यांवरूनच स्फूर्ती घेऊन जपानमध्ये १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' झाला आणि तिथली स्वतंत्र परंपरा सुरू झाली. १९९२ च्या 'अल्टिमा अंडरवर्ल्ड'ने पात्राच्या डोळ्यांनी पाहत मोकळेपणी फिरण्याची वाट दाखवली आणि तिच्यावर पुढे 'मोरोविंड'सारखे गेम आले. 'डायब्लो'मध्ये फासे आहेत, पण पंच जवळजवळ नाही.

तांत्रिक बाजू पूर्वीइतकी कटकटीची राहिलेली नाही. हे गेम अगदी साध्या, जुन्या लॅपटॉपवरही चालतात, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळातले गेम 'डॉसबॉक्स' या मोफत प्रोग्रॅममधून चालवतात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये सुरू केलेल्या 'गॉग' या दुकानातून घेतलेल्या जुन्या गेममध्ये तो सहसा आधीच बसवलेला असतो आणि 'अल्टिमा ४' तिथे फुकट मिळतो. 'बाल्डर्स गेट'चे दोन्ही भाग आणि 'टॉर्मेंट' यांच्या बीमडॉग कंपनीने काढलेल्या सुधारित आवृत्त्या आजच्या पडद्यांवर नीट दिसतात आणि फोनवर व टॅबलेटवरही खेळता येतात. आपल्याकडे ज्यांच्या घरी संगणक नाही, फोनच आहे, त्यांच्यासाठी हा सर्वांत सोपा रस्ता आहे, मात्र अक्षरे बारीक असल्यामुळे टॅबलेट असेल तर तोच वापरावा. या आवृत्त्यांत पात्र मरणारच नाही अशी कथेपुरती सोपी पातळीही आहे. ती निवडण्यात काही कमीपणा नाही, फक्त तिच्यात थॅकोची वजाबाकी शिकण्याचे कारण उरत नाही.

निकाल मनासारखा लागेपर्यंत पुन्हापुन्हा जुना सेव्ह उघडण्याची सवय मात्र आवरावी. मृत्यू झाल्यावर सेव्ह उघडणे ठीक आहे. पण चोरी फसली, बोलणी फिसकटली, एखादा साथीदार रागावून निघून गेला, तर तसेच पुढे जाऊन पाहावे, कारण लेखकांनी सर्वांत जास्त कष्ट घेतले आहेत ते याच फसलेल्या वाटांवर, आणि दर वेळी मागे फिरणाऱ्याला त्या कधी दिसत नाहीत. कितीही मागे फिरले तरी एक सेव्ह मात्र पुसू नये. 'बाल्डर्स गेट'चा पहिला भाग संपताना होणारा शेवटचा सेव्ह २००० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात तसाच उचलता येतो. पात्राची लेव्हल, गुण आणि नाव सगळे पुढे जाते, आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा सर्वच बाबतींत सरस असल्यामुळे तिथे नवे पात्र बनवण्यापेक्षा फ्रेंडली आर्मच्या पायऱ्यांवर वाचलेले पात्र घेऊन जाणे केव्हाही चांगले.